परक्या हाताचे टाके

सलील, बाल्कनीचं दार लावून घे, समुद्राचा वारा आत येतोय. आणि जुईली, झोप आली असेल तर आत्ताच जा. मध्येच उठायचं नाही.

"काका, इज इट ट्रू?"

तू ऐक आणि तूच ठरव.

यूसुफ म्हणून एक जण होता, दापोलीकडचा. शुक्रवारी सकाळी पिकअपमधून इथे कुवेतला, महबूलात आपल्या लोकांना काकड्या, वांगी आणून द्यायचा. वफ्राला एका कुवेती कुटुंबाचं शेत होतं, तिथे तो राखणीला. मालकाचं नाव नासिर. त्या शेताची गोष्ट नासिर येईल त्याला सांगायचा. त्याचे आईवडील पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा वाळूशिवाय काही नव्हतं. दोघं तंबूत राहिली. विहिरीला पाणी लागलं ते मचूळ. मग आईनं लांबून गोडं पाणी वाहून आणलं आणि खजुराची पहिली रोपं जगवली. पुढे टोमॅटो झाले, शेळ्या आल्या, पक्कं घर उभं राहिलं. इथवर आलं की नासिर थांबायचा आणि चहा मागवायचा.

ते पक्कं घर एरवी बंदच असे. शुक्रवारी सगळं कुटुंब जेवायला यायचं, पण बायका सूर्य मावळायच्या आत गाडीत बसलेल्या असायच्या. यूसुफला वाटायचं, श्रीमंत माणसं, इथे कशाला झोपतील.

तो स्वतः पाण्याच्या टाकीजवळच्या छोट्या खोलीत राहायचा. एकटाच. शहाण्णव सालच्या थंडीत नासिरनं व्हिजिट व्हिसा काढून दिला आणि यूसुफनं बायकोला आणलं. सईदा. लग्नानंतरची सगळी वर्षं तिनं गावी वाट बघण्यात काढली होती.

पहिल्याच आठवड्यात तिनं त्याचे कपडे धुवायला काढले आणि तिला टाके दिसले. कॉलर उलटून शिवलेली. कोपराला ठिगळ. बटणं घट्ट. इतके बारीक टाके की बोट फिरवलं तरी लागू नयेत.

"कोण शिवतं हे?"

यूसुफनं खरं ते सांगितलं. त्याला माहीत नव्हतं. रात्री कपडे दोरीवर राहिले की सकाळी दुरुस्त झालेले असायचे. सुरुवातीला त्याला वाटलं, शेजारच्या शेतावरचा बंगाली शिवत असेल. त्याला विचारलं तर तो हसला. मग यूसुफनं विचारणं सोडलं. माणसाला आयतं मिळालं की तो फार खोलात जात नाही.

सईदाचा विश्वास बसला नाही. का बसावा? ती तिकडे त्याच्या फोनसाठी शेजाऱ्यांच्या दारात ताटकळत होती, आणि इथे कुणीतरी त्याची बटणं लावत होतं. तिनं ब्लेड घेतलं, सगळे टाके उसवले आणि स्वतःच्या हातानं पुन्हा शिवले.

सकाळी तिची शिवण उसवलेली होती. जागच्या जागी तेच बारीक टाके.

तिनं पुन्हा उसवले. पुन्हा तेच. मग ती कपडे उशाखाली घेऊन झोपायला लागली. तरीही तेच. यूसुफशी बोलणं तिनं बंद केलं. तो जेवायला बसला की ताट पुढे सरकवायची आणि तोंड फिरवायची. घाबरली नव्हती ती. जळत होती.

डिसेंबरातला गुरुवार होता. यूसुफ संध्याकाळी भाजी घेऊन मार्केटला गेला. नंतर धुकं पडलं. इथलं धुकं तुम्हाला माहीत आहे, हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत. तो परतणार नाही हे सईदाला कळलं. तिनं त्याच्या एका सदऱ्याचा खिसा मुद्दाम फाडला, सदरा दोरीवर टाकला आणि खोलीतला दिवा मालवून दारात बसली.

बराच वेळ काही नाही.

मग दोरी हलली.

टाकीच्या कट्ट्यावर कुणीतरी बसलं होतं. काळा पायघोळ अबाया. पाठमोरं. मांडीवर सदरा. हात खालीवर... खालीवर. त्या धुक्यात, दिव्याशिवाय.

सईदा उठली. तरातरा गेली. तिला वाटलं होतं कुणी तरुण बाई असेल. म्हातारी होती.

"हा माझा नवरा आहे," सईदा म्हणाली.

सुई थांबली.

म्हातारीनं मान वर केली नाही. हात पुढे केला. सईदाचा डावा हात धरला, तळवा उघडला आणि त्यावर अंगठा फिरवला. हळूहळू. पाटी पुसावी तसा.

हात थंड नव्हता. उबदार होता, आईच्या हातासारखा. त्याचीच भीती वाटली, असं सईदा म्हणायची.

मग म्हातारी अरबीत काहीतरी बोलली. एकच वाक्य.

आणि...

कट्ट्यावर नुसता सदरा.

पहाटे यूसुफ आला तेव्हा सईदा फाटकाशी उभी होती. अनवाणी. ते वाक्य विसरू नये म्हणून पुटपुटत होती. तिला अर्थ कळत नव्हता. यूसुफला अरबी येत होतं, त्याला कळला. म्हातारी म्हणाली होती,

"तीही हेच म्हणाली होती."

ती म्हणजे कोण? त्याच दिवशी, शुक्रवारी, नासिर जेवायला आला, तेव्हा यूसुफनं विचारलं. नासिरनं सांगितलं. पक्कं घर बांधून झालं आणि त्याच्या वडिलांनी त्यात दुसरी बायको आणली. तरुण. आई भांडली नाही. आपली वळकटी घेऊन टाकीजवळच्या खोलीत गेली. तिथूनच नवऱ्याचे कपडे शिवत राहिली, पहिल्यासारखी. एका रात्री नवी बायको तिला बजावायला गेली. सकाळी ती माहेरी निघून गेली, ती परत आलीच नाही. काय झालं ते कुणालाही सांगितलं नाही. आई त्याच खोलीत वारली.

यूसुफ त्याच दिवशी बायकोला घेऊन अब्बासियात आला. व्हिसा संपेपर्यंत मित्राच्या घरी राहिले. ती गावी गेली, मागोमाग तोही नोकरी सोडून गेला. आता दापोलीत दुकान आहे त्यांचं. सुखात आहेत.

दोन हजार एक साली यूसुफच्या बहिणीचं लग्न झालं. मी सुट्टीवर होतो, गेलो होतो. आदल्या रात्री सगळ्या बायका मेंदी लावून बसल्या. सकाळी सईदावहिनी मला चहा द्यायला आल्या. उजवा हात लालभडक रंगला होता.

डावा...

दोन्ही हातांना एकाच कोनातली मेंदी, नणंद म्हणाली. रात्रभर तशीच ठेवली होती. आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं.

मी पाहिला तो तळवा. नुसता कोरा. कधीच काही न लागल्यासारखा.