कापलेल्या नावाची बाटली

"हेक्! सि! डिन! चला, जोर कुठं?" ढोलक्यानं टाळ्या वाजवत विचारलं.

"हेक् वर!" खार ओरडली.

खार आणि ढोलक्या ही टोपणनावांची दोघं भावंडं सुट्टीत डॉक्टर आत्याच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून औषधांची लांबलचक इंग्रजी नावं तुकड्यातुकड्यांत फोडत आणि उच्चारताना कुठल्या तुकड्यावर जोर येतो ते ओळखत. हा खेळ खारीचाच! काल तिनं मागच्या खोलीतल्या एका बाटलीवरच्या नावाचं सुटं झालेलं शेपूटच, 'हेक्सिडिन', कात्रीनं कापून आणलं होतं. सुरुवातीचं 'क्लोर' घट्ट चिकटलेलं, ते तिथंच राहिलं. बाटली रिकामी असेल, असं ती आपली धरून चालली होती.

एवढ्यात शेजारच्या शिंपीणकाकू औषधाची बाटली घेऊन दवाखान्यातून बाहेर आल्या. "बाळाची सर्दी, दुसरं काय!"

खारीनं बाटलीकडं पाहिलं. ही तर कालचीच! छापील 'क्लोर'पुढं पेनानं लिहिलं होतं, 'फेनिरामिन'!

ती आत धावली, मागोमाग ढोलक्या. "काका, काकूंना कुठली बाटली दिलीत?"

"सर्दीची! अर्धं नाव फाटलं होतं, मी पुरं केलं," कंपाउंडरकाका मान वर न करता म्हणाले. "पळा, लुडबुड नको!"

"अगं, क्लोरहेक्सिडिन म्हणजे जखम धुवायचं औषध ना?" ढोलक्या पुटपुटला. "पण बोललीस तर तुझी चोरी उघडी पडेल!"

खार क्षणभर थबकली. मग काकूंच्या घराकडं सुसाट सुटली!

काकूंचा चमचा बाळाच्या ओठांशी पोचलाच होता.

"थांबा! ते प्यायचं नाही!"

"कंपाउंडर चुकले आणि तू शहाणी?"

आता एकच पुरावा होता. खारीनं खिशातला तुकडा बाटलीवर धरला. कात्रीची वाकडी कड कडेला लागली, निळी रेघ रेघेला मिळाली.

"काकू, हे... मीच कापलं होतं."

चमचा काकूंच्या हातातून गळून पडला.

दवाखान्यात आत्यानं सगळं ऐकलं. "न पाहता नाव लिहिलंत?" तिनं एवढंच विचारलं. काकांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढं ठेवलं. मग ती खारीकडं वळली. "शाबास! बाळ वाचलं ते तुझ्यामुळं."

ती शाबासकी खारीला काट्यासारखी टोचली. "माझ्यामुळंच मरायलाही टेकलं होतं! आत्या, मला रागव ना गं!"

"रागावणार आहे, चांगली तासभर," आत्या म्हणाली. "पण आधी इकडं ये बघू."

तिच्या कुशीत शिरल्यावर मात्र खारीला रडू आवरेना.