फिगभोवती सात फेरे

दिवा राहू दे, विनीता. आणि मावशी म्हणतेस ना मला? मग हसायचं नाही. तुझ्यासारखीच मीही वटपौर्णिमेला नाक मुरडणारी बाई. पुण्यात शेजारणी ताट घेऊन निघाल्या की मी मुद्दाम खिडकीत बसून पेपर वाचायचे. पण अमेरिकेत आल्यावर, पंच्याऐंशीच्या जूनमध्ये माझ्या नवऱ्याची, श्रीरंगची, बायपास ठरली. एक्केचाळिसाव्या वर्षी! माझी सगळी अक्कल गळून पडली.

आमच्या कॉम्प्लेक्समधल्या मालिनीकाकूंचा फोन आला. "अगं सुलभा, बोटॅनिकल गार्डनमध्ये एक ऑस्ट्रेलियन फिग आहे. वडाच्याच घराण्यातलं झाड. सूत बांधू नकोस हो, गार्ड ओरडतो. नुसते फेरे मार."

श्रीरंगला सांगितलं, जरा झाडं बघून येते. तो म्हणाला, "जा की. माझ्याभोवती घिरट्या घालण्यापेक्षा बरं." मंगळवारी ऑपरेशन आणि याला विनोद सुचतोय!

सांता क्लाराहून तासभर ड्राइव्ह करून पोचले. वटपौर्णिमा रविवारीच आली होती; सुट्टी असूनही आत फारसं कुणी नव्हतं. आणि काय सांगू, मी खरंच झाडं बघत राहिले गं. रेडवुड एवढे उंच, की शेंडा शोधताना माझा तोल गेला. सालीला हात लावला तर ती मऊ, उबदार. एक म्हातारा ओक इतका वाकलेला, की त्याच्या फांद्यांना लोखंडी टेकू दिले होते. एक हमिंगबर्ड माझ्या नाकासमोर हवेत थांबला, मला नीट पाहिलं आणि नापास करून निघून गेला. लांब कुठेतरी होले घुमत होते. उपासाचं पोट, दुपारचं ऊन, पिकून पडलेल्या फळांचा आंबूस-गोड वास... पाय आपोआप चालत होते. मंगळवार कुठेतरी मागे राहिला होता.

फिग अगदी शेवटी होता. खोड आपल्या या हॉलएवढं रुंद, आणि चहूकडे कमरेइतक्या उंच मुळांच्या भिंती. वर शेकडो पक्षी फळं खात होते, नुसता कलकलाट. मी चपला काढल्या, कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि चालायला लागले.

दोन फेरे झाले. तिसऱ्यात बांगड्या वाजल्या. माझ्या हातात तर घड्याळाशिवाय काहीच नव्हतं. पुढे, खोडाच्या वळणावर पदराचं टोक दिसलं आणि गेलं. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, आणखी एक वेडी भेटली.

"अहो, थांबा ना!"

"फेऱ्यात थांबू नये," पुढून आवाज आला.

मी पाय उचलले. ती तेवढीच पुढे. पळाले, तरी तेवढीच.

"मिस्टरांसाठी का?" तिनं विचारलं.

"हो. परवा ऑपरेशन आहे... हार्टचं."

"माझ्याही मिस्टरांचं."

"हो का? कुठल्या हॉस्पिटलमध्ये?"

पुढून नुसत्या बांगड्या वाजल्या. पाचव्या फेऱ्यात माझ्या लक्षात आलं, वरचे पक्षी गप्प झालेत. उडाले नव्हते. फांद्यांवर बसून सगळे खाली बघत होते.

"नाव काय हो... त्यांचं?" मी विचारलं.

ती नव्या नवरीसारखी लाजून हसली. "श्रीरंग."

माझं डोकंच फिरलं. "ए बाई! तो माझा नवरा आहे!"

"आत्ता तुझा. सहा जन्म माझा होता. सातवा राहिलाय." आवाजात भांडण नव्हतं, त्याचीच जास्त भीती वाटली. "मला यायला उशीर झाला... तू मध्ये आलीस."

"म्हणून त्याला घेऊन जाणार?"

"नेऊ कशाला? तो जगावा म्हणूनच मीही चालतेय."

सहावा फेरा संपला. मी एवढी भांडखोर, पण तेव्हा भांडता येईना. डोळ्यांसमोर त्याच्या छातीवर फिरणारी करवत दिसत होती. रडू फुटलं मला.

"जगू दे गं त्याला," मी म्हटलं. "बास. मला दुसरं काही नको. काही म्हणजे काही नको."

"नक्की?"

"नक्की..."

सातव्या फेऱ्यात बांगड्या वाजल्या नाहीत. वर पक्षी पुन्हा फळं खायला लागले.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर स्वतः बाहेर येऊन म्हणाले, वर्षभरात इतकी चांगली केस पाहिली नाही. मी कॉरिडॉरमध्येच ओक्साबोक्शी रडले. दुसऱ्या दिवशी नर्सनं मला आत नेलं. श्रीरंग जागा होता, गालांवर रंग आला होता. तिनं त्याला नेहमीचे प्रश्न विचारले. नाव? बरोबर सांगितलं. साल? बरोबर. आत्ता कुठे आहात? तेही बरोबर. मग माझ्याकडे बोट करून ती हसत म्हणाली, "आणि या कोण?"

त्यानं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. अगदी सभ्यपणे.

"बाई, तुम्ही दमलेल्या दिसता," तो मराठीत म्हणाला. "बसा ना. माझी बायको गाडी पार्क करून येतेच आहे."

आणि पाय जरा आकसून त्यानं पलंगाच्या पलीकडच्या कडेला तिच्यासाठी जागा केली.