निळ्या गाडीची नऊ मिनिटं

नऊ मिनिटं धडधडायची आणि आचके देत गप्प व्हायची. सकाळपासून निळ्या गाडीचं हेच चाललं होतं. का, ते कळेना.

मागच्या सीटवर हौसाचा धाकटा भाऊ सखा निजला होता. तोंडावर ओलं फडकं, छातीत धुळीची घरघर. दवाखाना चाळीस किलोमीटरवर. तेरा दिवस धुळीने सूर्य झाकलेला. गावातल्या विजेच्या गाड्या सौर चार्जिंगवाचून मुक्या उभ्या. उरली होती आजोबांची ही पेट्रोलवरची म्हातारी. इंजिन निववायला तिला पाणीही लागत नसे.

आजोबा, म्हणजे तात्या, एके काळी इंजिनं तपासायच्या प्रयोगशाळेत होते. आता हात थरथरत. म्हणून पाना बारा वर्षांच्या हौसाकडे होता.

"ही सुतळी घे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. परिणाम कळला की गाठ मारायची," तात्या म्हणाले.

तिने स्पार्क प्लग (पेट्रोलला ठिणगी देणारा भाग) साफ केला. नऊ मिनिटं. गाठ. ऑइल बदललं. नऊ मिनिटं. गाठ. दरवेळी इंजिन निवायला पाऊण तास जाई. सखाची घरघर वाढत होती.

"तात्या, आता पंख्याचा पट्टा आणि पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर एकदमच बघते."

"आणि चालली, तर कशामुळे ते कुणाला विचारशील?"

"चालली म्हणजे झालं! सखाकडे बघा तरी!"

"बघतोय गं. म्हणून तर म्हणतो. आडरानात बंद पडली, तर हात कुठे घालायचा ते ठाऊक हवं."

ती धुसफुसली, पण नुसता पंख्याचा पट्टाच घट्ट केला. नऊ मिनिटं. तिसरी गाठ.

"तीन गाठी, आणि कळलं काहीच नाही!"

"कळलं की. ठिणगी, ऑइल, पट्टा, तिघंही निर्दोष. तरी इंजिन तापतंय. त्याच्या अंगावर फिन्स (धातूची पातळ पाती) आहेत ना? पंखा त्यांच्यावर वारा ढकलतो, वारा उष्णता घेऊन जातो. मग वारा..."

सखाला ठसका लागला. हौसाने धावत त्याच्या तोंडावरचं फडकं काढलं. वाळलेल्या चिखलाने ते पापडासारखं कडक झालं होतं. सखाने मोठा श्वास ओढला.

हौसा फडक्याकडे बघतच राहिली. गावात माठ, खिडकी, तोंड, जे उघडं दिसेल ते बांधायचीच सवय. परवा तिनेच मायेने...

"तात्या, पंख्याच्या तोंडाला मी दुहेरी फडकं बांधलंय."

"हो की! आणि मी शाबासकी दिली होती."

तिने फडकं फाडून काढलं. पण आता खडे आत जाणार! घरातून चाळण आणली. पिठाची नाही, ती लगेच बुजली असती. रव्याची. इंजिन निवेपर्यंत ती तारेने घट्ट बसवली.

थांबून बघायला वेळ नव्हता. तात्यांनी थरथरत्या हातांनी स्टिअरिंग धरलं. दोन्ही बाजूंना बोडकी झाडं मागे जात होती. आठ मिनिटं. नऊ. हौसाने सखाची बोटं मुठीत धरली. दहा. अकरा. इंजिन धडधडतच होतं.

"मार गाठ," तात्या म्हणाले.

तिने चौथी गाठ मारली, पण सैलच ठेवली. ती दवाखान्याच्या दारात आवळायची होती.