उजव्या बाजूचा मग

सकाळपासून तुमचं एकच टुमणं चाललंय, बोगद्यातून नेता का, बोगद्यातून नेता का. नाही नेणार. बोट चांगली आहे, इंजिन नवं टाकलंय, माझे हातपायही अजून धड आहेत. तरी नाही. का ते सांगते. तो दिवा जरा अलीकडे ओढा आणि हळू बोला, वर माझा भाऊ झोपलाय.

भाऊ म्हणजे एनक. जन्मभर बर्मिंगहॅममध्ये बस चालवली त्यानं. पुढच्या दातांत फट होती, तिच्यातून सतत शीळ घालायचा. गाणं एकच, आमची आई पाळण्यापाशी म्हणायची ते, आणि तेही बेसूर. तिसऱ्या ओळीला हा हमखास घसरायचा. मी वैतागून म्हणायचे, "मेल्या, एकदा तरी सूर नीट लाव." तर म्हणायचा, "चिमणे, सूर नीट लागला तर मीच आलोय हे तुला कळणार कसं?"

मी हेस्टर. पण त्याच्या तोंडी जन्मभर चिमणीच.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. पुढच्या आठवड्यात हृदयाच्या ऑपरेशनसाठी त्याची छाती उघडणार होते. डॉक्टरांनी सांगितलेलं, तोवर जपा. हा कसला जपतोय! उठला आणि माझ्याकडे टॅडवेलला आला. दारातच म्हणाला, "मरायच्या आधी तुझं गाव एकदा नीट बघून घेतो."

"माझ्या घरात मेलास तर याद राख," मी म्हटलं. "चादरी कालच धुतल्यात."

हसला. पण पिशवी काही हातातून सोडेना. फार घाबरला होता हो तो. मीही घाबरले होते. आम्ही दोघंच उरलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला कोळसा आणायचा होता. कोळशाची वखार बोगद्याच्या पलीकडे. एनक म्हणाला, मीही येतो. मला वाटलं, बरंय, जीव रमेल. आधी त्याला कालव्याकाठच्या घोडवाटेनं गावातून फिरवून आणलं. कालव्याला लागून दगडी घरं, धुरकटलेली. पाण्यावर पिवळी पानं, आणि वर धुकं असं उतरलेलं की चर्चचा मनोरा अर्धाच दिसत होता. पुलाखाली तो थांबला. कमानीच्या कोपऱ्याला दगडात खोल खाचा आहेत. त्यात त्यानं बोट घातलं.

"हे कुणी कोरलं गं?"

"कोरलं नाही. बोटी ओढणाऱ्या घोड्यांचे दोर घासून पडल्यात त्या."

"दोरानं दगड कापला?" बराच वेळ तो त्या खाचेत बोट फिरवत राहिला. "किती माणसं गेली असतील गं इथून... आणि एकाचंही नाव कुठे नाही."

मी त्याची बाही ओढली. म्हटलं, चल, अंधार पडायच्या आत परत यायचंय.

आता बोगद्याचं सांगते. घोडवाट बोगद्याच्या तोंडापाशी संपते. आत फक्त पाणी आणि भिंत. पूर्वी घोडा सोडून टेकडीवरून पलीकडे न्यायचे, आणि बोट न्यायला यायचे पायवाले. दोघं असायचे. बोटीच्या नाकाडावर आडवी फळी टाकायची, तिच्यावर दोघांनी उताणं पडायचं, एकाचे पाय डाव्या भिंतीला, दुसऱ्याचे उजव्या. आणि पडल्या पडल्या भिंतीवरून चालायचं, पार पलीकडे उजेड दिसेपर्यंत. एकट्याचं काम नाही ते. एकच बाजू रेटली तर बोट दुसऱ्या भिंतीवर जाऊन घासते. जोडी लागतेच.

ते दिवस गेले, पायवालेही गेले. कित्येक जण आतच गेले म्हणतात. पण टॅडवेलचा रिवाज आहे. तोंडापाशी 'उलटे बूट' नावाची खानावळ आहे, ती आमची ड्रुसिला चालवते. तिथून कुणीही बोट आत घालण्याआधी बिअरचे दोन मग भरून घ्यायचे आणि कमानीच्या दोन्ही अंगांच्या दगडांवर ठेवायचे. डाव्या पायवाल्यासाठी एक, उजव्यासाठी एक. नवरा असताना आम्ही कधी चुकवलं नाही. विश्वास म्हणाल तर माझा काडीचा नव्हता. पण दारात दिवा लावतो तसं ते, लावायचं म्हणून लावायचं.

ड्रुसिलानं दोन मग आणून दिले. डावा मी ठेवला. उजवा एनकच्या हातात दिला.

त्यानं मगाचा वास घेतला. डॉक्टरांनी त्याची बिअर केव्हाच बंद केली होती.

"काय गाव आहे! चांगली बिअर दगडाला पाजता?"

"एनक, ठेव ती मुकाट्यानं."

"पुढच्या आठवड्यात शुद्धीवर आलो नाही तर हा घोट राहूनच जायचा गं," असं म्हणत त्या गाढवानं मग तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. मिशी पुसली, रिकामा मग उजव्या दगडावर ठेवला आणि वाकून आत ओरडला, "उजवे साहेब! तुमचा वाटा मी घेतलाय बरं का. वाटलं तर तुमचं काम सांगा मला!"

कमानीतून त्याचा आवाज आत गेला. मी वाट बघत होते, पण प्रतिध्वनी काही परत आला नाही.

ड्रुसिलाचा चेहरा उतरला होता. "अहो, दुसरा भरून आणते मी, थांबा," ती म्हणाली. पण मागून दुसरी बोट आली होती, तिला वाट द्यायची होती. मी म्हटलं, "जाऊ दे गं, येताना ठेवू." एवढंच. एवढ्याशा घाईपायी.

आत शिरलं की आधी उजेड जातो, मग ऊब. वास ओल्या विटेचा आणि जुन्या काजळीचा. वरून पाणी ठिबकत असतं, कुठे मानेवर, कुठे हातावर. मी मागे सुकाणूशी, एनक पुढे नाकाडावर दिव्यापाशी, उताणा पडून छत बघत होता आणि शीळ घालत होता. मागचं तोंड नाण्याएवढं झालं आणि धुक्यात विझलं. पुढचं अजून दिसत नव्हतं. बरोब्बर तिथेच इंजिन बंद पडलं.

आचके नाहीत, धूर नाही. नुसतं थांबलं. दिवाही गेला.

आणि शीळही थांबली.

"एनक?"

"चिमणे... छातीत... काहीतरी..."

मी केबिनमधून अंधारात आपटत धडपडत पुढे गेले. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अंग घामानं थबथबलेलं. फोन काढला तर आत कसली रेंज! लांब काठी भिंतीला लावून जिवाच्या आकांतानं रेटली. बोट जागची हलेना. मागच्या बोटीला हाका मारल्या, ती आत आलीच नव्हती. मग मी देवाला हाका मारल्या, आईला मारल्या. शेवटी नुसती त्याला धरून बसले. "एनक, श्वास घे. घे रे बाबा. असा मला टाकून जाऊ नकोस."

तेव्हा डावीकडून आवाज आला.

थप... थप...

ओल्या भिंतीवर जड बूट पडावा तसा, सावकाश. बोट हलली. थोडी पुढे गेली आणि नाक वळून उजव्या भिंतीवर खरवडलं. आवाज थांबला. माझ्या अगदी जवळ, हाताच्या अंतरावर, कुणीतरी धापा टाकत होतं. आणि मग एक घोगरा आवाज, दमलेला, जरासा चिडलेला.

"उजवा कुठाय?"

मी तोंडावर हात दाबला.

"आज उजव्याचा मग कुणी घेतला... चल ये. एकट्यानं नाही व्हायचं."

एनकचा हात माझ्या हातात होता. तो सैल पडला. त्याच्या छातीवर कान ठेवला. काही नाही. ना श्वास, ना ठोका. मी किंचाळणार तोच उजवीकडून, भिंतीलगत, सुरू झालं.

थप... थप...

आधी अडखळत, नवख्यासारखं. मग लयीत. डावा, उजवा. डावा, उजवा. बोट सरळ झाली आणि निघाली. आणि उजवीकडून शीळ आली. आईचं गाणं. तिसऱ्या ओळीला घसरलेलं.

मला भीती वाटायला हवी होती ना? खोटं कशाला सांगू, त्या घडीला भीती गेली. तो काळोख केवढा मोठा झाला होता म्हणून सांगू! पुढे, मागे, सगळीकडे पावलं वाजायला लागली, कितीतरी जोड्यांची. सगळा बोगदा पाय टाकत होता. घोडे नाहीत, इंजिन नाही, नुसती माणसं, उताणी पडून, पायांनी डोंगर मागे रेटत चाललेली. माझ्या मांडीवर माझा मेलेला भाऊ होता आणि मी हात जोडले. चर्चमध्येही माझे कधी इतक्या मनापासून जुळले नाहीत.

मग पुढे करडा उजेड दिसला. पावलं एकेक करून मागे राहिली. शेवटी फक्त आमच्या बोटीची दोन. आणि कमानीखालून बोट बाहेर सरकली त्या क्षणी तीही थांबली. शीळ मात्र आतच राहिली. विरत गेली.

माझ्या मांडीवर एनकनं श्वास घेतला. फार वेळ पाण्याखाली राहिलेला माणूस वर येऊन घेतो तसा. डोळे उघडले, आभाळाकडे पाहिलं आणि त्याला रडू कोसळलं.

"केवढं आहे हे..." तो म्हणाला.

वखारीतल्या माणसांनी गाडी बोलावली. इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टर कागद उलटेपालटे करून बघत होते. हृदय ठणठणीत. पाय तर पैलवानाचे. म्हणाले, आधीच्या तपासणीत काहीतरी गफलत झाली असणार, छाती उघडायची गरज नाही. मी ड्रुसिलाच्या गळ्यात पडून रडले. भाऊ परत मिळाला होता. त्याला इकडेच ठेवून घेतलं.

फार गुणी आहे हो. पावाचा कडक तुकडा दिला तरी सणाचं जेवण असल्यासारखा खातो. बागेत उभा राहतो आणि तासन् तास ढग बघतो. परवा पहिला बर्फ पडला तर तळहातावर घेऊन मला दाखवायला पळत आला. रात्री उताणा झोपतो, तळपाय भिंतीला लावून. भिंतीवर चिकटवलेला रंगीत कागद तिथे झिजलाय. शीळ घालत नाही. मी एकदा आईचं गाणं गुणगुणले, तर ऐकत राहिला आणि म्हणाला, "छान आहे. कुणाचं?"

आणि मला बाई म्हणतो. "बाई, चहा देता का?" "बाई, तुमचे उपकार आहेत." मी स्वतःला समजावलं, मेंदूला हवा कमी पडली असेल. डॉक्टरही तसंच म्हणाले. जिवंत आहे ना, मग झालं, आणखी काय हवं?

रोज दुपारी दोन मग घेऊन मी बोगद्यापाशी जाते. उजवा अगदी काठोकाठ भरते. जाणाऱ्या बोटींवरची माणसं सांगतात की आत कुणीतरी शीळ घालतं, भारी बेसूर. मी हसून सोडून देते. स्वतः कान देऊन ऐकायचं धाडस मात्र होत नव्हतं.

काल झालं. उजवा मग ठेवला आणि पाय निघेना. कमानीत वाकले. आत, फार आत, थप... थप... आणि ते गाणं. तिसरी ओळ आली. घसरली.

"एनक?" मी म्हटलं.

पावलं थांबली. शीळही. नुसतं पाणी ठिबकत होतं. मला वाटलं आता काही यायचं नाही. मग काळोखातून, दमलेला, पण तोच, माझ्या ओळखीचा आवाज आला.

"चिमणे... घरी कोण आहे गं?"