कोमट पाचू

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या वडिलांच्या कारखान्यात, माझ्यासमोर घडलं आहे.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

गेल्या वर्षीचा मे महिना, मंगळवार. बैरूतच्या बुर्ज हम्मूद भागातली आमची अर्मेनियन कारागिरांची गल्ली, तिसरा मजला. एक वाजून पाच-सात मिनिटं झाली होती.

विश्वास ठेवा असा आग्रह नाही. जे झालं ते क्रमाने सांगते.

माझे वडील मिहरान. सगळी गल्ली त्यांना उस्ता, म्हणजे उस्ताद म्हणायची. दागिना घडवणारा वेगळा आणि त्यात हिरा, नीलम, पाचू बसवणारा वेगळा. बाबा खडे बसवायचे. चव्वेचाळीस वर्षं तेच केलं. पाचूसाठी तर लोक दुरून त्यांच्याकडे यायचे, कारण पाचू हातोडीचा एक जास्तीचा ठोका सहन करत नाही.

काम झालं की बाबा दागिना कानाशी धरायचे आणि नखाने हलकी टिचकी मारायचे. खडा सैल असेल तर तो बोलतो. टिक... घट्ट असेल तर गप्प राहतो.

नवा खडा हातात आला की मात्र आधी ओठाला लावायचे. खरा खडा गार लागतो. काच पटकन कोमट होते.

मी दागिन्यांची चित्रं काढते, पण हे दोन्ही शिकले ते लिहायला शिकण्याच्या आधी.

सत्तराव्या वर्षी बाबांची नजर गेली. कडेचं दिसायचं, मधलं नाही. त्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाचा पाचू त्यांच्या हातोडीखाली तडकला.

आमच्याकडे नझारेत नावाचे दुसरे कारागीर होते. बाबांच्याच हाताखाली तयार झालेले, छत्तीस वर्षं आमच्याकडे. मी त्यांना लहानपणापासून अम्मो, म्हणजे काका म्हणायची. त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "अम्मो, बाबांना घरी बसवू?"

"बसव. आणि शवपेटीचं मापही आजच देऊन ये," अम्मो म्हणाले. "सहा महिनेसुद्धा काढणार नाही तो माणूस."

मग मी एक गोष्ट केली.

पितळेच्या अंगठ्या करून घेतल्या. हिरव्या-निळ्या काचांना पैलू पाडून आणले. रोज सकाळी कागदाची एक पुडी बाबांच्या मेजावर ठेवायची आणि म्हणायची, "बाबा, पाचू आलेत. फार चांगले आहेत, सावकाश करा." संध्याकाळी ते गेले की अम्मो त्या काचा काढायचे. दुसऱ्या दिवशी त्याच काचा, नवी पुडी.

दोन वर्षं.

बाबा पुडी उघडायचे. खडा ओठाला लावायचे. क्षणभर थांबायचे. मग म्हणायचे, "वा. पाणी आहे ह्याच्यात."

मी आणि अम्मो एकमेकांकडे बघून हसायचो. लिहायला नको वाटतं, पण हसायचो. एकदा त्यांनी तीन दिवस एका काचेवर घाम गाळला आणि विचारलं, "बाई खूश झाली का गं?"

"रडलीच ती, बाबा," मी म्हटलं.

मला वाटायचं, म्हातारपणी ओठांनाही कमी कळत असेल.

मार्चमध्ये बाबा गेले. दवाखान्यात, नाकात नळी. शेवटचे दोन दिवस ते बोटांनी चादरीचा काठ चाचपत होते, हातून निसटलेलं काहीतरी बारीक शोधत असल्यासारखे.

चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, जेवण झालं. त्यानंतरच्या आठवड्यात मादाम रंदाचा हार आमच्या मेजावर होता.

मादाम रंदाच्या मुलाचं लग्न होतं. अकरा पाचू, प्रत्येकाला हिऱ्यांची कड, आणि एका बाजूला मुद्दाम तोल मोडणारा एक गुलाबी नीलम. चित्र माझं होतं. पाचू तिचे, तिच्या सासूच्या जुन्या हारातले. पुडी माझ्या हातात देताना ती म्हणाली होती, "शूशान, असा हार कर की विहिणीच्या पोटात दुखलं पाहिजे. डॉक्टर बोलवायची वेळ आली तर वरून बक्षीस देईन."

गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला खडा बदलला गेला, असं आमच्या गल्लीत एकदा म्हटलं गेलं की पुन्हा कोणी जिना चढत नाही. बाबा गेले होते. त्यांचं नाव तेवढं माझ्याकडे उरलं होतं.

त्या मंगळवारी नेहमीप्रमाणे एक वाजता जनरेटर बंद झाला. तीनपर्यंत वीज नसते. अम्मो जेवायला घरी गेले. पंखा थांबला. गल्लीतले आवाजही उन्हात विरून गेले.

मी एकटीच होते.

टिक...

मी मान वर केली. बाबांचं मेज खिडकीपाशी आहे. हातोडी, चिमटा, लाखेची कांडी, सगळं मीच पुसून ठेवलेलं.

टिक...

नखाचा आवाज होता. मी तो झोपेतही ओळखला असता.

मेजापाशी कोणी नव्हतं. पण मेजाखाली सोन्याची भुकटी पडायला बांधलेली कातड्याची झोळी हलत होती. गुडघ्यांवरून ती बाजूला सारून कोणी उठलं की हलते, तशी.

वाऱ्याची झुळूकही नव्हती.

तीन वाजता अम्मो आले. मी सांगितलं. ते हसले. "खिडकीवरचा पत्रा तापला की वाजतो, पोरी. आणि उस्ता असतील तर बरंच आहे. त्यांना म्हणावं, तिसऱ्या पाचूचे काटे काही केल्या माझ्याच्याने बसत नाहीत. तेवढं करून जा."

मीही हसले.

बुधवारी सकाळी मी तिजोरीतून हार काढला.

तिसरा पाचू बसलेला होता.

खडा धरणारे सोन्याचे चारही काटे सारखे, गुळगुळीत, कुठे हत्याराचा ओरखडा नाही. असं काम मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"केव्हा केलंत, अम्मो?"

"मी?" त्यांनी भिंग लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. भिंग खाली ठेवलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. "मला वाटलं तू रात्री दुसऱ्या कुणाला बोलावलंस."

तिजोरीच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे.

एक वाजता वीज गेली. अम्मो त्या दिवशी जेवायला घरी गेले नाहीत, डबा उघडून कोपऱ्यात बसले. मी हार उचलला आणि पहिला पाचू ओठाला लावला.

गार.

दुसरा. गार.

तिसरा...

कोमट.

मी पुसून पुन्हा लावला. कोमट. काच होती ती. अशा काचा मी दोन वर्षं रोज हाताळल्या होत्या.

"नझारेत," मी म्हटलं. अम्मो म्हटलं नाही. "खिसे रिकामे करा."

त्यांना आधी ती थट्टाच वाटली. "का, तिजोरीची किल्ली हरवली का तुझी?"

"मादामचा पाचू कुठे आहे?"

ते उभे राहिले. खिसे उलटे केले. सूर्यफुलाच्या बिया, रक्तदाबाच्या गोळ्या, नातीचा एक मोजा.

"छत्तीस वर्षं, शूशान."

"तेच विचारते. छत्तीस वर्षांत किती नेलेत?"

मी आवाज चढवला होता. जिन्यात शेजारच्या कारखान्यातली दोघं येऊन उभी राहिली. मी दार लावलं नाही. मला ते लोक तिथे हवे होते.

अम्मोंनी स्वतःहून बूट काढले, मोजे काढले. धातूच्या किसावर अनवाणी उभे राहिले आणि दोन्ही तळपाय एकेक करून मला दाखवले, घोड्याचे नाल बघायला दाखवतात तसे. मग किल्ली मेजावर ठेवली आणि बूट हातात घेऊन जिना उतरले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं.

मी कुलूप बदललं. तिजोरीची दुसरी किल्ली गळ्यात घातली.

गुरुवारी एक वाजता वीज गेली. दार आतून बंद होतं. हार माझ्या मांडीवर होता.

टिक...

टिक...

मी मोजत गेले. अकरा.

मग मी एकेक पाचू ओठाला लावला. पहिला कोमट. दुसरा कोमट. अकरावा कोमट. सकाळी मी तपासले तेव्हा याच हारातले दहा गार होते. हार माझ्या हातातून हललासुद्धा नव्हता.

मग मला कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. मी बाबांच्या मेजापुढे जमिनीवर बसले.

"बाबा, चुकलं माझं," मी म्हणाले. "दोन वर्षं मी तुम्हाला काच दिली. हसले तुम्हाला. माझं काय हवं ते करा. पण हे दुसऱ्याचे खडे आहेत. परत द्या. मला माफ करा."

काहीच नाही.

मग माझ्या डाव्या कानाच्या अगदी जवळ, मला हातात धरून तपासावं तसं...

टिक. टिक.

दोनदा. बरं म्हटल्यासारखं.

शुक्रवारी मी हार घेऊन खडे तपासून दाखले देणाऱ्या बाईंकडे गेले. मादामला सांगण्याआधी लेखी हवं होतं. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक खडा पाहिला. अर्धा तास लागला.

"अकराही अस्सल," त्या म्हणाल्या. "ह्यांचे दाखले मीच दिले होते ना महिन्यापूर्वी? त्याच रेघा आहेत आत, तिसऱ्यातला तो पिसासारखा डागसुद्धा तोच. कोण म्हणतं काच?"

मी तिथेच तिसरा पाचू ओठाला लावला. कोमट.

"तुमची अंगठी बघू," मी म्हटलं. माणिक होतं. कोमट. टेबलावर एक सुटा हिरा होता. त्यांना न विचारता उचलला. तोही कोमट. माझ्या ओठांना आता खरा खडा कळत नव्हता.

"वडील नुकतेच गेले ना तुझे?" त्या हळूच म्हणाल्या. "घरी जा. झोप जरा."

रविवारी मादाम रंदाने हार घातला. विहीण जेवली नाही म्हणे. मादामने तीन बायका आमच्याकडे पाठवल्या. बाबांचं नाव राहिलं.

मग मी अम्मोंच्या घरी गेले.

त्यांनी साखळी न काढता फटीतून पाहिलं. आत लाहमाजून, खिम्याची पातळ भाकरी, भाजल्याचा वास होता, नात गाणं म्हणत होती.

"खरे निघाले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळे?"

"सगळे. अम्मो, मला माफ करा. ते बाबांनी केलं. मी काच दिली म्हणून त्यांचा राग..."

ते हसायला लागले. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"राग? उस्तांना? अगं, पहिल्या दिवशी पहिली पुडी उघडली तेव्हाच कळलं होतं त्यांना. तू गेल्यावर मला म्हणाले, नझारेत, काच आहे. पण पोरीला कळू देऊ नकोस. मला काम दिल्याचं तिला समाधान आहे, ते राहू दे. दोन वर्षं काचेला पाणी आहे म्हणत राहिले तुझ्यासाठी. तू हसायचीस तेव्हा मला हसावं लागायचं, कारण त्यांनी तशी शपथ घातली होती."

मी दाराची चौकट धरली.

"मग तुम्ही मला कधी..."

"कधीच सांगणार नव्हतो. त्यांना दिलेला शब्द होता. आज मोडला. तू माझे पाय बघितलेस ना, म्हणून मोडला." ते जवळ आले. "त्यांनी एक दिवसही राग धरला नाही, दवाखान्यातही नाही. तुझ्यावर राग आहे तो माझा. आणि मी जिवंत आहे, बाई. मी काही तुझ्याकडे येऊन टिकटिक करणार नाही. मी आपलं दार लावतो."

त्यांनी दार लावलं.

बाबांना राग नव्हता.

मग बाबांच्या मेजापाशी कोण बसलं होतं? मी कुणापुढे बसून माफी मागितली? आणि ज्याने कानाशी दोनदा टिचकी मारून ती घेतली... तो कोण?

आजही एक वाजता वीज जाते. आता मी त्या वेळी खाली गल्लीत जाऊन उभी राहते. वर कारखान्यात कोणी नसतं. वरच्या मजल्यावरचा न्हावी परवा सहज म्हणाला, "तुमचा नवा माणूस भारी आहे. जेवणाच्या सुट्टीतही काम करतो."



या मार्चमध्ये बाबांचं वर्ष झालं. दफनभूमीत पाऊस होता, बोटं वाकत नव्हती इतकी थंडी होती. पाद्री गेल्यावर मी वाकून त्यांच्या नावाच्या ओल्या संगमरवराला ओठ टेकले.

तो कोमट होता. ताप उतरलेल्या माणसाच्या कपाळासारखा.

तिथून उठायला मला फार वेळ लागला.