निळ्या जाळीच्या पेशी

रक्ताच्या लाल पेशीत निळी जाळी कुठून येईल? रेवा सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे बघतच राहिली. रक्ताचा थेंब तिच्या धाकट्या भावाचा, दिलवरचा होता. त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकायच्या, बारीक नसांत अडकायच्या आणि तो वेदनेने कळवळायचा. म्हणून डॉक्टरांनी त्याची अस्थिमज्जा (हाडांतला रक्त घडवणारा मऊ गाभा) औषधांनी रिकामी करून त्याला रेवाच्या मूळपेशी (ज्यांच्यापासून रक्तातल्या सगळ्या पेशी बनतात) दिल्या होत्या. त्या रुजल्या नाहीत तर? या धास्तीने रेवा रोज प्रयोगशाळेत येऊन बसायची.

"भिंगरू, या पेशी डागाळलेल्या आहेत," ती प्रयोगशाळेतल्या यंत्रमानवाला म्हणाली. "माझंच काहीतरी खराब असणार."

"निष्कर्ष काढायची घाई तुम्हा माणसांनाच फार, रेवाताई! आधी हे बघ."

पडद्यावर एक मोठी गोल पेशी उमटली.

"ही लोहितजनक पेशी (लाल पेशी होऊ घातलेली). मधलं गडद दिसतंय ते केंद्रक, पेशीचा कारभारी. पेशी हिमोग्लोबिन (प्राणवायू वाहणारं लाल द्रव्य) साठवत जाते आणि शेवटी केंद्रकच बाहेर टाकते."

"कारभारीच बाहेर? मग जगते कशी?"

"जगते, चारेक महिने. पण तिला पुन्हा पिल्लं होत नाहीत, मोडतोड झाली तर डागडुजी नाही. सगळी जागा हिमोग्लोबिनला."

रेवाने त्या पेशीकडे पुन्हा निरखून पाहिलं. दुसऱ्यापर्यंत श्वास पोचावा म्हणून एवढं सोडून द्यायचं!

"केंद्रक गेलं तरी हिमोग्लोबिन बनवायचं थोडं सामान आत उरतं. मी घातलेल्या रंगाने ते निळ्या जाळीसारखं दिसतं. या जालिकापेशी, मज्जेतून नुकत्याच निघालेल्या कोवळ्या लाल पेशी. एक-दोन दिवसांत जाळी विरून जाते."

"म्हणजे हे डाग नाहीत?"

"बाळसं आहे ते! आणि यांतलं हिमोग्लोबिन मी तपासलंय. तुझ्यासारखंच, निरोगी."

"रुजल्या?"

"रुजायला लागल्यात. अजून पुष्कळ जपावं लागेल."

पण रेवा केव्हाच दिलवरला जंतूंपासून जपायला ठेवलेल्या काचेच्या खोलीपाशी पोचली होती. तिने बोलण्याचं बटण दाबलं. "दिलवर, माझ्या पेशी तुझ्या हाडांत रक्त बनवायला लागल्यात!"

दिलवरने उशीवरूनच मान वळवली. "म्हणजे मी आता तुझ्यासारखी रडूबाई होणार?"

"हो," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि बरा झालास की माझ्याबरोबर नदीत पोहायला येणार."

गार पाण्याने दुखणं उठतं, म्हणून त्याला आजवर कुणी नदीत उतरूच दिलं नव्हतं. तो कोपरावर जोर देऊन हळूहळू उठून बसला.

"गार पाण्यात? मी?"

"गार पाण्यात. तूच."