तांब्याची वहिवाट

पुण्याच्या मदरबोर्ड मूल्यांकन प्रयोगशाळेत विश्राम भडकमकर शलाकाचा मदरबोर्ड न्याहाळत होता आणि आतल्या आत जळत होता. चुका काढायला बसलेल्या माणसाला चूक सापडू नये, यासारखं दुखणं नाही. प्रोसेसरची जागा ऐसपैस, रॅमचे चारही स्लॉट पंख्याच्या वाऱ्यात, वीजजोडणी कडेला. एक केबल दुसरीला आडवी जात नव्हती. समुद्रतळावर जाणाऱ्या यानात हाच बसणार होता. तो नापास झाला तरच विश्रामच्या स्वतःच्या ‘वज्र’ मदरबोर्डाला संधी होती. आणि ही शलाका मोहोळकर कोण, तर कालपरवापर्यंत त्याच्याच हाताखाली सोल्डरिंग शिकणारी मुलगी!

“याला मी वहिवाटी मदरबोर्ड म्हणते,” शलाका प्रयोगशाळाप्रमुख डॉ. जोगळेकरबाईंना सांगत होती. “यातले तांब्याचे मार्ग कायमचे नाहीत, मॅडम.”

“म्हणजे शेतातल्या पायवाटेसारखे?”

“अगदी तसेच. जिथून वीज जास्त जाते, तिथं तांब्याचे कण गोळा होतात, मार्ग रुंदावतो. जिथली ये-जा थांबते, तिथले कण उठून जातात. तांबं तेवढंच राहतं, फक्त जागा बदलतं.”

“मग जिथं ताण येईल तिथं तो आपोआप बळकट होणार.”

“हो, म्हणून तर समुद्रतळाशी दुरुस्तीला माणूस लागणार नाही.”

विश्रामनं हे अर्ध्या कानानं ऐकलं. चौथ्या रॅम स्लॉटच्या शेजारी त्याला काळ्या पेनचा एक ठिपका दिसला होता. प्रयोगशाळेत संशयित सांध्यावर असाच ठिपका देतात. पोरगी पुसायला विसरली! त्याला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या.

“आठवडाभर माझ्याकडे राहू दे हा,” तो शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाला.

मग त्यानं त्या ठिपक्याचा पिच्छाच पुरवला. बाकीचे स्लॉट रिकामे ठेवून चौथ्यावर डेटाचा मारा केला. तापवला, गोठवला, व्होल्टेज वाढवलं. पठ्ठ्या ढिम्म! नियमाप्रमाणे बाकीचे स्लॉटही तपासायला हवे होते. पण तेही उत्तम निघाले तर? ते त्याला बघवलं नसतं, म्हणून त्यानं त्यांना हातच लावला नाही.

अंतिम चाचणीत त्यानं सगळ्यांसमोर चौथ्या स्लॉटवर मर्यादेच्या दुप्पट भार टाकला. स्लॉटनं तो सहज पेलला. जोगळेकरबाईंनी टाळ्या वाजवल्या.

“मग हा ठिपका कशाला दिलास?” विश्राम शलाकावर खेकसला.

“ती तीट आहे, सर,” शलाका लाजून म्हणाली. “इतका देखणा झाला होता ना, दृष्ट लागू नये म्हणून लावली.”



“आता उरलेले स्लॉट बघू,” जोगळेकरबाई म्हणाल्या. पहिला स्लॉट चालला नाही. दुसरा नाही. तिसराही नाही.

“बघा! नापास!” विश्राम खुर्चीवरून उठलाच. आनंद त्याला लपवता येईना.

बाईंनी बोर्ड क्ष-किरण यंत्राखाली ठेवला. पडद्यावर चित्र उमटलं. तांबं चौथ्या स्लॉटभोवती दाटलं होतं आणि बाकी स्लॉटांकडे जाणारे मार्ग केसाएवढे उरले होते.

“आठवडाभर इथं दुसरं काही वापरलंच गेलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “भडकमकर, हा तुम्हाला तपासायला दिला होता. यानं तुम्हालाच तपासलं. पुढचं मूल्यांकन दुसरं कुणीतरी करेल, आणि ‘वज्र’चं तर आता नावही काढू नका.”

शलाकाचे डोळे भरून आले होते. ते पुसून ती म्हणाली, “राहू द्या, मॅडम. चारही स्लॉट सारखे चालवले की तांबं परत फिरेल. आठवड्यात होईल तो पहिल्यासारखा.”

विश्राम पडद्यावरच्या त्या एकाच दाट डागाकडे बघत उभा राहिला. आठवड्यात पहिल्यासारखं होता येतं, याबद्दलही त्याला त्या मदरबोर्डाचा हेवा वाटला.